गिटारच्या पट्टीचं तेल

माझं माहेर तेल्याचं. बदलापूरच्या पलीकडं, नदी ओलांडून दोन कोस चालत गेलं की आमचं गाव यायचं, तिथं आमच्या बापाचा लाकडी घाणा होता, एक बैल, एक बाप आणि आम्ही चार पोरी, पोरगा नाय, त्यामुळं बैलामागं फिरायचं काम आळीपाळीनं आम्हा पोरींकडंच. शाळेत किती गेली ते विचारू नका, पण डोळे मिटून माझ्या नाकाखाली वाटी धरा, मी सांगायची हे तीळ, हे करडई, हे मोहाचं, आणि ह्या चौथ्या वाटीत कुणीतरी लबाडी केलीय. बाप बोलायचा, इंदे, तुझ्या नाकावर सरकारनं कर लावला पायजे. सगळ्या बहिणींत माझंच नाक असं. थोरलीला तं रॉकेल आणि खोबरेल यातला फरक कळायला दिवा लावून बघावा लागायचा.

मंग लग्नाचं निघालं. मुलगा उल्हासनगरला फर्निचरच्या बाजारात पॉलिशमिस्त्री, नाव दत्ताराम, जुन्या लष्करी बराकीतली एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. बघायला आले तेव्हा अंगाला स्पिरिटचा वास, पॉलिशमध्ये स्पिरिट लागतं ना, तो. बापाला वाटलं पोरगा पितो. बाप मला मागच्या दारी घेऊन गेला आणि बोलला, इंदे, तू हुंग. आता काय सांगू तुम्हाला, दुसऱ्यांच्या पोरी चहा-पोहे घेऊन जातात, मी वास घ्यायला गेली. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ वाकली, हुंगलं, आत येऊन बापाला सांगितलं, स्पिरिट अंगावरचं आहे, तोंडातलं नाय, तोंडाला बिडी आहे. बाप बोलला, बिडी चालते. असं माझं लग्न ठरलं.

आमचे हे कामाला होते गोपशेठकडं. गोपशेठ सिंधी माणूस, गोरा, जाडा, सगळ्यांना साईं साईं करणारा. मागच्या गल्लीत त्यांचा फर्निचरचा कारखाना आणि पुढं रस्त्यावर बाजाचं दुकान, म्हणजे हार्मोनियम, बेंजो, ढोलकी असलं. ऐंशी साल उलटलं तसं सगळीकडं गिटारची हवा सुटली. ज्याला त्याला गिटार पायजे. वाजवायला कुणाला येत नव्हती, पण खिळ्याला टांगायला पायजे. गोपशेठनं कुठून कुठून कोऱ्या गिटारी आणायला सुरुवात केली, त्यांना घासून, पॉलिश मारून, तारा चढवून विकायच्या. आणि आमच्या ह्यांना पलंग-कपाटावरून उचललं आणि गिटारीवर बसवलं. ह्यांना काय आनंद झाला. घरी येऊन बोलले, इंदू, पलंगाचा पाय कुणी बघत नाय, गिटारची मान सगळे बघतात.

आता तुम्ही लिहून घेताय तं मी नीट समजावून सांगते. गिटारची मान असते ना लांब, तिच्यावर काळपट लाकडाची एक पट्टी बसवलेली असते, बोटं दाबतात ती जागा. तिच्यात आडव्या तारा ठोकलेल्या असतात. फ्रेटबोर्ड बोलतात तिला, आम्ही पट्टीच बोलायचो. बाकी सगळ्या गिटारला पॉलिश असतं, पण ही पट्टी उघडं लाकूड, शिसवी असली तं उत्तम. आणि उघडं लाकूड म्हणजे उघडं पोर, थंडीत फुटणारच. दिवाळीनंतर वारा कोरडा झाला की पट्टी पांढरी पडते, आक्रसते, मंग त्या आडव्या तारांची टोकं बाहेर येतात आणि वाजवणाऱ्याचा हात खरचटतो. म्हणून तिला तेल लागतं. पण कोणतं तेल, इथं सगळी गोची.

आमच्या ह्यांनी आधी पट्टीलाच पॉलिश मारलं. दिसायला आरसा. पण उल्हासनगरचा घाम तुम्हाला माहीत आहे, वाजवणाऱ्याची बोटं चिकटायला लागली, एक गिऱ्हाईक चार बोटं पुढं करून दुकानात आलं, सगळी तपकिरी. मंग गोपशेठ बोलले, खोबरेल लगाओ, बालों को चलता है तो लकडी को क्यों नहीं. खोबरेल चोपडलं. छान काळी झाली पट्टी. त्यातली एक गिटार एका ऑर्केस्ट्रावाल्यानं नेली, अंबरनाथ पूर्वेला गणपतीत त्याचा कार्यक्रम होता, आम्हाला पण बोलावणं होतं, पुढच्या रांगेत बसलो. दोन गाणी बरी झाली. तिसऱ्याला तो माणूस मान झटकायला लागला, मंग खांदा, मंग एक पाय. लोकांना वाटलं रंगात आलाय, टाळ्या, शिट्ट्या. तो बिचारा वाजवता वाजवता खाजवायला लागला. गिटार मंडपात दिवसभर प्रसादाच्या टेबलाला टेकवलेली होती, खोबरेलाच्या वासानं लाल मुंग्या चढून बसलेल्या, उजेड पडला तशा त्या त्याच्या बाहीत शिरल्या. आमचे हे मला बोलले, उठ, घरी जाऊ. आणि आम्ही मागच्या बाजूनं निघालो.

त्याच्यावर गोपशेठच्या आईनं उपाय काढला. अम्मा रोज दुकानात खुर्ची टाकून बसायची, सगळं तिच्या हुकमानं. ती बोलली, सरसों का तेल, मुंगी फिरकणार नाय. मुंगी फिरकली नाय, पण गिऱ्हाईक पण फिरकेना. मी दुपारी डबा घेऊन गेली तं पायरीवरच थांबली आणि बोलली, इथं कुणाचं लोणचं नासलंय. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. आमचे हे खाली बघायला लागले. अम्मा बोलली, तेरे को क्या मालूम तेल का. मी बोलली, अम्मा, मैं तेली की लडकी हूं. अम्मा काही कमी नव्हती. तिनं घरून सहा वाट्या मागवल्या, माझ्या डोळ्याला तिचीच ओढणी बांधली आणि एकेक वाटी नाकाखाली धरली. मी पाच तेलं बरोबर सांगितली, सहाव्या वाटीला बोलली, हा चहा आहे, सकाळचा, आणि आलं जास्त पडलंय. अम्मानं ओढणी सोडली आणि गोपशेठला बोलली, इसको काम पे रख.

तशी मी कामाला लागली. बापाला निरोप धाडला, प्रत्येक तेल थोडं थोडं पाठव. कारखान्यात मोडक्या गिटारींच्या माना पडल्या होत्या, त्यांच्यावर मी करून बघितलं. तिळाचं महिनाभर चांगलं, मंग खवट. मोहाचं थंडीत तुपासारखं थिजलं. करंजाचं लावलं तं कीड येणार नाय, पण तोंडात बोट घालायची सवय असलेल्या माणसानं परत दुकानाचं तोंड बघितलं नसतं, एवढं कडू. एरंडेल आत जाईचना, नुसतं वर बसून राहायचं पाहुण्यासारखं. शेवटी अळशी, म्हणजे जवसाचं. ते आत पण जातं आणि सुकतं पण, चिकट राहत नाय. पण लावायची रीत असते. तारा काढायच्या, पट्टी कोरड्या फडक्यानं पुसायची, मळ खरवडायचा, मंग फडक्यावर दोन थेंब, जास्त नाय, चोळायचं, पाव तास थांबायचं आणि मंग पुसून काढायचं, फडकं कोरडं निघेपर्यंत पुसायचं. वर्षातनं दोनदा बास. लोकांना वाटतं तेल म्हणजे लाड, जितकं जास्त तितकं चांगलं. गोपशेठना पण तेच वाटायचं. दो बूंद, बोलले, दो बूंद में गिऱ्हाईक को लगेगा कुछ किया ही नहीं. मंग मी गिऱ्हाइकासमोर मोठी बाटली काढून ठेवायची, बाही वर करायची, आणि त्यातलं दोनच थेंब घ्यायची.

नाव झालं. शहाडहून, कल्याणहून लोक यायचे, ते आळशी तेलवाली बाई कुठं आहे विचारायचे. मी सांगायची, आळशी बाई नाय, अळशी तेल. काही उपयोग नाय, आळशी बाईच नाव पडलं.

ह्यांना ते लागलं. तोंडावर बोलले नाय कधी, पण जेवताना भाकरी मोडत बोलायचे, पंधरा वर्षं हात काळे केले आणि आता दुकान बायकोच्या नाकावर चाललंय. मी बोलायची, अहो तारांची टोकं तुमच्याशिवाय कोण घासणार. आणि खरंच, त्यांच्यासारखी कानस कुणाची चालायची नाय, बोट फिरवलं तं लोणी. पण ते माझं ऐकून पडवीत जाऊन बिडी ओढायचे. बिडी फार होती त्यांची. त्या बिडीपायी खोकला पण फार, बराकीतले लोक घड्याळ लावायचे नाय, हे खोकले की उठायचे.

त्याच दरम्यान पेंडसे साहेब आले. अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात मोठे ऑफिसर, टक्कल, चष्मा, एकदम सज्जन माणूस. डॉक्टरनं त्यांना सांगितलेलं रक्तदाब आहे, काहीतरी छंद लावून घ्या, तं त्यांनी पन्नाशीला गिटार धरली. एकच गाणं वाजवायचे. त्याच्या पण पहिल्या दोनच ओळी. त्यांचा रक्तदाब उतरला, पण घरातल्या बाईंचा चढला असावा, कारण बाईंनीच त्यांना गिटार देऊन रविवारी आमच्याकडं पाठवून दिलं, दुरुस्ती होईपर्यंत तिथंच बसा बोलल्या. मेहुण्यानं परदेशातून आणलेली भारी गिटार, पण फ्रिजवर ठेवलेली, पट्टी वाळून पांढरी पडलेली. ह्यांनी टोकं घासली, मी तेल दिलं, तीन तासांत गिटार नवरीसारखी. साहेब बोलले, दत्ताराम, तुम्ही दोघं मिळून एक कारखाना आहात. त्या दिवशी हे खूश होते, येताना मला गजरा घेतला. पुढं साहेब दर रविवारी यायला लागले, दुरुस्ती असो नसो.

आता मुख्य गोष्ट सांगते. दिवाळीच्या आधीचा ऑक्टोबर, उकाडा असा की पत्र्याखाली पापड भाजावा. गोपशेठनं दिवाळीसाठी चाळीस गिटारी घेतलेल्या आणि त्यांना घाई. माझं घाण्याचं कच्चं तेल सुकायला दोन-तीन दिवस लागायचे. तेव्हा मी काय केलं, रंगारी लोक वापरतात ते बेलतेल, म्हणजे अळशीचंच पण उकळलेलं, लवकर सुकतं, ते त्यात मिसळलं. आणि पुसलेली फडकी मागच्या खोलीत एका खोक्यात टाकत गेली, खोकं भरलं तशी पायानं दाबून दाबून भरली. दुपारी सगळे पुढं जेवायला बसलो. आमचे हे जेवून मागच्या दारात गेले, बिडी ओढली, परत आले. मला मध्येच तळणीच्या जुन्या तेलासारखा वास आला, मी बोलली, शेजारी कुणी भजी काढतंय वाटतं. एवढं हे नाक, आणि ते बोललं भजी.

मंग धूर. आम्ही पळालो तं मागची खोली पेटलेली. गल्लीतले सगळे धावले, पाण्याच्या बादल्या, बांधकामाची वाळू, जे हाताला येईल ते. माणसाला कुणाला काही झालं नाय, देवाची कृपा. पण सात गिटारी गेल्या. त्यांच्या तारा तापून एकेक तुटत होत्या, टँग, टुंग, टँग. काय सांगू तुम्हाला, आमच्या दुकानातल्या गिटारी पहिल्यांदाच सगळ्या एकदम वाजल्या, आणि तेव्हा आम्ही बादल्या घेऊन उभे.

गोपशेठ घरून धावत आले, छा थियो, छा थियो, म्हणजे काय झालं काय झालं. मंग कुणीतरी मागच्या दारातलं बिडीचं थोटूक उचलून दाखवलं. सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. मी पण बघितलं, खोटं कशाला सांगू. हे बोलले, मी विझवली होती. थोड्या वेळानं परत विचारलं तं बोलले, बहुतेक विझवली होती. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी इतक्यांदा विचारलं की शेवटी बोलले, आठवत नाय. पायरीवर बसून नुसते स्वतःच्या हाताकडं बघत होते. खिशातला बिडीचा कट्टा काढला, गटारात टाकला, आणि त्यानंतर बिडीला हात लावला नाय.

गोपशेठ वाईट माणूस नव्हता, कामावरून काढलं नाय. पण बोलले, साईं, लकडी और आग साथ में नहीं रख सकता, आणि ह्यांना परत मागच्या गल्लीत पाठवलं, पलंग आणि कपाटं. गिटारीची कानस दुसऱ्या कारागिराकडं गेली. मी मात्र दुकानातच. रोज सकाळी आम्ही जोडीनं निघायचो, नाक्यावर ते डावीकडं वळायचे, मी उजवीकडं. गल्लीतले लोक फार चेष्टा करायचे. दत्तू, माचिस आहे का विचारायचे. चहावाला बोलायचा, दत्तूला चहा गार द्या रे, पेटेल. हे हसायचे. घरी आले की नाय हसायचे. एक गोष्ट चांगली झाली, बिडी सुटल्यावर खोकला गेला, अंगावर थोडं मांस आलं. अशी दोन वर्षं गेली.

एका रविवारी पेंडसे साहेब दुकानात बसले होते, त्या दोन ओळी वाजवत. मी पट्टी पुसून फडकं बादलीत टाकलं, बादलीत आधीची दहा-बारा होती. साहेबांचं वाजवणं थांबलं. त्यांनी विचारलं, इंदुबाई, हे कसलं तेल. मी बोलली, अळशी. त्यांनी विचारलं, ही फडकी अशीच ठेवता? मी बोलली, हो. साहेबांनी गिटार बाजूला ठेवली आणि उठून स्वतःच्या हातानं एकेक फडकं काढून फरशीवर पसरायला लागले, एवढा मोठा ऑफिसर. बोलले, बाई, हे तेल सुकताना हवा ओढतं आणि गरम होतं. एक फडकं असलं तं गरमी उडून जाते. ढीग असला तं आत कोंडते, वाढत जाते, आणि आपोआप पेट घेते. काडी लागत नाय. आमच्या कारखान्यात ह्याची पाटी लावलेली आहे.

मी बोलली, साहेब, आपोआप कसं पेटेल, फडकं आहे, भूत आहे काय. ते बोलले, दाखवतो. पुढच्या रविवारी दुपारी दुकानाच्या गच्चीवर त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात तशीच फडकी दाबून भरली, बाजूला वाळू, पाण्याच्या दोन बादल्या, सगळी तयारी, आणि आम्ही दोघं लांब बसलो. दोनेक तासांनी जवळ जाऊन डब्याला हात लावला तं तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम. मंग वास आला. जुन्या तळणीचा. त्या दुपारी मी भजी बोलली होती, तोच. धुराची रेघ निघाली तसं साहेबांनी बादली ओतली आणि बोलले, बघितलंत. मी काय बघितलं ते त्यांना कसं सांगणार. ह्यांची बिडी विझली होती. दुकान मी पेटवलं होतं.

आता सांगायला पायजे होतं ना लगेच. नाय सांगितलं. मी मनाशी बोलली, सांगितलं तं हे परत बिडी सुरू करतील, खोकला परत येईल, त्यांच्या तब्येतीसाठी गप्प बसलेलं बरं. हे कारण मला इतकं आवडलं की मी ते सहा महिने वापरलं. खरं कारण तुम्हाला सांगते. मला लाज वाटत होती, आणि दुकानातली माझी खुर्ची मला सोडवत नव्हती.

एवढं केलं की अळशी बंद केली. साहेबांनाच विचारलं, न पेटणारं, न सुकणारं, न खवटणारं काय आहे. ते बोलले, मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, पाण्यासारखं पांढरं, वास नाय, मुंगी नाय, वर्षानुवर्षं तसंच राहतं, त्याचे दोन थेंब लावा. मी मेडिकलमध्ये गेली, बोलली, लिक्विड पॅराफिन द्या. दुकानदारानं इकडंतिकडं बघितलं, पुढं वाकला आणि हळू आवाजात विचारलं, किती दिवसांपासून आहे. मला वाटलं दुकानाचं विचारतोय, मी बोलली, सहा-सात वर्षं झाली. तो घाबरला. बोलला, बाई, सहा-सात वर्षं साफ होत नाय तं डॉक्टरला दाखवा. तेव्हा मला कळलं की ते पोट साफ व्हायचं औषध. मी बोलली, मला नाय, पट्टीला लावायचंय. त्यानं पट्टी म्हणजे काय समजून घेतलं देव जाणे, पण बाटली दिली. पंधरा दिवसांनी परत गेली, दोन बाटल्या घेतल्या. त्यानं मान हलवली, बिचारी बोलला.

बराकीत गोष्ट पसरायला काय लागतं. शेजारीण इसबगोल घेऊन आली. दुसरीनं त्रिफळा दिला. आणि आमचे हे, त्यांना कुणीतरी सांगितलं, वहिनींना फार त्रास आहे, लपवतात. त्या माणसानं रोज कामावरून येताना पपई आणायला सुरुवात केली. रोज एक पपई. स्वतः कापायचे, बिया काढायचे, ताटलीत मांडून पुढं ठेवायचे, सकाळी मी उठायच्या आधी पाणी गरम करून ठेवायचे, आणि विचारायचं कसं म्हणून विचारायचे नाय, नुसते माझ्या तोंडाकडं बघायचे. अकरा पपया मी खाल्ल्या. बाराव्या पपईला मला रडू फुटलं.

ते घाबरले, बोलले, दुखतंय का. मी बोलली, पोट चांगलं आहे, औषध पट्टीला आहे. ते बोलले, मंग अळशी का सोडलीस, तुझ्या बापाचं तेल, जगात असलं तेल नाय बोलायचीस. मी सगळं सांगितलं, बेलतेल, खोकं, पायानं दाबलेली फडकी, गच्चीवरचा डबा, आणि सहा महिने. ते हातात सुरी धरून ऐकत होते. मला वाटलं ओरडतील, निदान पपई फेकतील. सुरी खाली ठेवली आणि बोलले, म्हणजे मी विझवली होती. मी बोलली, हो. परत बोलले, मी विझवली होती तं. मी बोलली, विझवली होती हो. मंग जेवले, झोपले. घोरले पण.

सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि बोलले, चल. कुठं. बोलले, जिथं जिथं मला माचिस मागितली तिथं तिथं. आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मला त्या अख्ख्या बाजारात फिरवलं. प्रत्येक दुकानात जायचं, हे बाजूला उभे राहायचे हात मागं बांधून, आणि मी सांगायचं, दुकान माझ्या फडक्यांनी पेटलं, ह्यांच्या बिडीनं नाय. पहिल्या दुकानात मी खांबाकडं बघून सांगितलं. चौथ्यापर्यंत मला सवय झाली, मी धुराचं, तारा तुटण्याचं पण रंगवून सांगायला लागली, तं हे हळूच बोलले, वाढवू नको, मुद्द्याचं सांग. कारखान्यात पॉलिशवाले हसायचे थांबले. चहावाल्यानं कडक गरम चहा ह्यांच्या हातात दिला.

अम्मा तोपर्यंत थकली होती, पण खुर्ची सोडली नव्हती. तिनं सगळं ऐकलं आणि बोलली, सरसों के तेल से कभी आग लगी क्या, मैंने तो पहले ही कहा था. गोपशेठ मात्र गल्ल्यावरून उठले. ह्यांच्यासमोर हात जोडले, आणि दत्तू नाय बोलले, मिस्त्री बोलले. गिटारीच्या खोलीची किल्ली काढून ह्यांच्या हातात दिली. मंग माझ्याकडं वळून ह्यांनाच विचारलं, मिस्त्री, अब इसको क्या सजा दूं. ह्यांनी विचार केला, घाई केली नाय. बोलले, महिनाभर तिला काचकागद द्या, घासू दे, तेलाची बाटली माझ्याकडं. मी महिनाभर काचकागद मारला. बोटांची कातडी गेली. रास्त होतं ते.

पण परतीच्या वाटेवरचं राहिलं. नाक्यावरच्या पानवाल्यानं ऐकलं आणि त्याला एवढं वाईट वाटलं की त्यानं एक बिडी काढून ह्यांच्यासमोर धरली, घे दत्तूशेठ, आता तुझा हक्क आहे. मला अडवायचं होतं, पण कोणत्या तोंडानं अडवणार. ह्यांनी बिडी घेतली, पेटवली, एक झुरका मारला, आणि असे खोकले, असे खोकले की डोळ्यातनं पाणी. सवयच गेली होती. मंग ती बिडी खाली टाकली, चपलेनं रगडली, पानवाल्याचा तांब्या उचलून तिच्यावर पाणी ओतलं, आणि तिथं उभे होते त्या सगळ्यांना जवळ बोलावून बोलले, बघा, विझली. सगळ्यांनी वाकून बघितलं. मी पण बघितलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अम्मा गेली, माझा बाप गेला, घाणा मोडून त्याचं लाकूड जळणाला गेलं. गोपशेठचा धंदा पुढं मुलांनी बदलला, तेव्हा त्यांनीच आम्हाला सांगितलं, मिस्त्री, आता स्वतःचं करा. मंग आम्ही इकडं बदलापूरला आलो, जागा तेव्हा परवडायची, पुढं दुकान आणि मागं राहायला. काम बेताचं आहे पण आहे. पावसाळा संपला की लोक येतात, ठाण्यापासून येतात. ते टोकं घासतात, मी तेल देते, बाटली मला परत मिळालीय.

दुकानाला पाटी मात्र अजून नाय. म्हणजे पाटी आहे, निळा रंग मारून टांगलेली, पण कोरी. हे बोलतात तुझं नाव टाक, तेल तुझं. मी बोलते तुमचं टाका, शोभतं का ते. पेंटर चार वेळा येऊन गेला, चहा पितो, आमचं भांडण ऐकतो आणि जातो. आता लोकच एकमेकांना पत्ता सांगतात, स्टेशनला उतरून कोरी पाटी विचारा. परवा टपाल पण आलं त्या नावावर. तेव्हा राहू द्या तशीच. तुमच्या घरी कुणाची गिटार असेल तं घेऊन या, नसली तरी या, आणि जाताना ह्यांना हाक मारून जा, आत टोकं घासत असतील, दोनदा हाक मारावी लागते. सुखी राहा.